काकडीखालचा नवरा

"बटाटा नको," पद्माकाकी म्हणाली.

"खायचा नाहीये काकी. डोळ्यावर ठेवायचाय."

"कंदमूळ ते कंदमूळच. डोळ्यातनं आत गेलं म्हंजे?"

"डोळ्यातनं बटाटा पोटात जात नाही."

"तू काय डॉक्टर हाईस?"

बटाट्याच्या दोन चकत्या माझ्या हातात तशाच राहिल्या. समोरच्या पलंगावर सम्मेद मगदूम उताणा पडला होता. गडहिंग्लजमधल्या बायका त्या पलंगावर पडून माझ्याकडून केस उपटून घ्यायच्या, त्यांच्या मापाचा तो पलंग. सम्मेदचे पाय पोटऱ्यांपासून बाहेर लोंबत होते. केसांना गुलाबी टॉवेल गुंडाळलेला, गळ्याखाली दुसरा गुलाबी टॉवेल. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवणारा दांडगा गडी, पण नववधूसारखा लाजून डोळे मिटून पडला होता.

"बरं, मध लावते."

"मध? महावीरा! आमच्या जैनांत मध चालत न्हाय, म्हाईत न्हाय तुला?"

"मग काय लावू? तुमच्या तोंडाकडं बघून बरं होणार नाही ते."

"काकडी लाव. काकडी वेलावर लागतीय."

मी काकडी धुवायला मोरीकडं गेले. सोमवार होता. सोमवारी माझं पार्लर बंद. दारावर लाल अक्षरांत 'छबी लेडीज ब्युटी पार्लर' आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरांत 'पुरुषांस सक्त मनाई'. ती दुसरी ओळ मी नवरा गेल्यावर रंगवून घेतली होती. नवरा गोव्याला फरशा बसवायला गेला आणि तिकडं दुसरा संसारच बसवून बसला. त्यानंतर गावानं मला एकच नाव दिलं, टाकलेली. समोरचा शिवाप्पा टेलर रोज सकाळी मान वाकडी करून विचारायचा, "काय छबूताई, काय फोनबिन?" त्याच्या त्या वाकड्या मानेवर कात्री चालवावी असं मला रोज वाटायचं.

पण पद्माकाकी माझी जुनी गिऱ्हाईक. पोराला मागच्या बाजूनं आणते म्हणाली, रडली, शेवटी शपथ घातली. मी पुढचं शटर खाली ओढून त्याला मागच्या दारानं आत घेतलं.

"परवा साखरपुडा हाय," ती मला पुन्हा सांगत होती. "आणि ह्याच्या डोळ्याखाली बघ. कोळशाचं पोतं उसवल्यागत. चौगुल्यांच्या घरात त्या मुलीची आत्या हाय, कुसुम. ती माणूस म्हणजे भिंग लावून बघणारी. हे डोळे बघितले की म्हणणार, पोरगा पितोय."

"पितोय का?"

"आई!" पलंगावरून आवाज आला.

"तू गप पड. डोळ्यावरची काकडी हलंल."

काकडीच्या चकत्या ठेवता ठेवता मी वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. वेलदोडा. मी मनात म्हटलं, झालं तर मग. पिणारी माणसंच वेलदोडा चघळतात, माझा नवरा मूठमूठ चघळायचा. शिवाय डावा कान लालभडक.

"कानाला काय झालं रे?"

"डास," तो म्हणाला.

"काकी, डोळ्याखालचं काळं झोपेनं जातं. पोरगा झोपतो का?"

"नवाला अंथरुणावर असतोय की! दार लावून."

दार लावून पितो, मी ठरवून टाकलं.

"आणि मुलीशी बोलणंबिलणं?"

काकीनं छाती पुढं काढली. "मुळीच न्हाय. तिच्या आजोबांची, आण्णांची अट हाय. अक्षता पडूस्तर फोन न्हाय, भेट न्हाय. बोलल्याचं कळलं तर लग्न मोडलं. बघायच्या दिवशी ती म्हणाली, 'पाणी घ्या.' हा म्हणाला, 'नको.' तेवढंच काय ते बोलणं. माझ्या पोरानं शब्द पाळलाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण खरं सांगतो छबू, मला त्या पोरीचंच भ्या वाटतंय. पावडरखाली बघितलो मी. तिच्या डोळ्याखाली ह्याच्यापेक्षा काळं हाय. अंगात रक्त नसणार. आजारी पोरगी गळ्यात मारतील. परवा नीट बघतो, आणि तसंच असलं तर सरळ न्हाय म्हणून येतो."

"म्हणजे पोराचं काळं झाकायचं आणि पोरीचं उकरायचं?"

"मुलीची गोष्ट वेगळी असती."

असली वाक्यं ऐकून ऐकून माझं डोकं तापायचं. वेगळी कशानं? तिच्या डोळ्याखाली कातडीच्या जागी काय पत्रा असतो? पण मी तोंड उघडायच्या आत काकीच म्हणाली, "आणि तुझ्या डोळ्याखाली बघ की आधी. दुसऱ्याचं घालवायला निघालीस ती."

खरं होतं. मी रोज सकाळी दुकानातलं सगळ्यात महागडं क्रीम माझ्याच डोळ्याखाली थापायची, वर रंग लावायची, आणि मग तेच क्रीम बायकांना विकायची. कशानं काही होत नव्हतं.

तेवढ्यात शटर धाडधाड वाजलं.

"छबूऽ! आत हाईस म्हाईताय मला. उघड!"

काकीचा चेहरा पांढरा पडला. "कुसुम!"

"सोमवारी बंद असतं!" मी आतून ओरडले.

"म्हणून तर आलोय. कुणाला दिसाय नको. पोरगीला घेऊन आलोय, उघड लवकर, रस्त्यावर उभं राहिलोय."

पुढचं सगळं एका दमात झालं. मधला पडदा मी ओढला. जुन्या साडीचाच होता तो. पलंग पडद्याच्या आत गेला. काकी पलंगाखाली घुसली. एवढी जाडजूड बाई कशी मावली, ते त्या पलंगालाच ठाऊक. सम्मेद उठू लागला, तर मी त्याला छातीवर हात ठेवून परत आडवा केला. "मेलास तरी हलू नको," म्हटलं, आणि शटर वर केलं.

कुसुमआत्या वाकून आत आली. मागोमाग तिची भाची श्रुतिका. उंच, सावळी, आणि डोळ्याखाली दोन काळ्या होड्या. मी शटर परत खाली ओढलं. आत्यानं आत येताच बसायला जागा शोधायची सोडून जमिनीकडं बघितलं.

"हे कुणाचं पायताण?"

दाराशी सम्मेदचं कोल्हापुरी पायताण. नाव म्हणून पाण्यात सोडलं असतं तर चार माणसं बसून गेली असती, एवढं मोठं. बाहेर पाटी, 'पुरुषांस सक्त मनाई'. आत ते पायताण. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

"माझ्या नवऱ्याचं," मी म्हणाले.

आत्या मटकन खुर्चीत बसली. "आला?"

"आला."

"कधी?"

"आत्ताच. झोपलाय आत."

"झोपलाय!" आत्या तितक्याच झटक्यात उठली. "तुला टाकून गेला, तोंड काळं केलं, आणि आता येऊन झोपलाय? सर बाजूला. दोन शब्द बोलतो त्याच्याशी."

"नको आत्या! डोळे आलेत त्याचे. लागण होते."

तिनं तोवर पडद्याची कड उचललीच होती. सम्मेदनं मोठ्यानं घोरायला सुरुवात केली. ते घोरणं इतकं खोटं होतं की पलंगाखालून काकीनं त्याला चिमटा काढला असावा, कारण मधेच तो "ऑं" करून पुन्हा घोरला. आत्याला टॉवेल दिसला, काकड्या दिसल्या. डोळे आलेत म्हटल्यावर ती दोन पावलं मागं सरली.

"दळभद्री मेला," ती लांबूनच म्हणाली. "काकड्या घालतीस वर त्याला. मिरची घाल."

श्रुतिका तोंडावर ओढणी धरून हसत होती. मी तिला खुर्चीत मागं टेकवलं, थंड पाण्यातून काढलेले दोन चमचे तिच्या डोळ्यांवर ठेवले. हातापायांना कामाला लावलं की खोटं बोलायला बळ येतं.

"हिच्या डोळ्याखालचं परवापर्यंत घालव," आत्या म्हणाली. "मुलाची आई फार नजरेची हाय. पद्मा मगदूम. म्हणणार, पोरगीला रोग हाय."

पलंग जरासा हलला.

"झोप लागत नाही का गं?" मी श्रुतिकाला विचारलं.

"लागते," ती चमच्यांखालून म्हणाली.

"लागती की! माझ्याच खोलीत असतीय. मी दिवा घालवला की डाराडूर."

"तुम्ही की ती?"

"दोघी!"

मी मनात म्हटलं, ही रडते. दुसरं कुणीतरी असणार हिच्या मनात. घरच्यांनी ह्या दारुड्याशी जुळवलंय आणि ही बिचारी उशी भिजवते. माझं डोकं चालायला लागलं की असंच चालतं, सरळ भिंतीत. मी तिला बोलतं करायला म्हणून सांगत राहिले, "हे बघ बाई, डोळे चोळायचे नाहीत. काजळ पुसून झोपायचं. रात्रीच्या जेवणात लोणचं-पापड कमी, त्यानं सूज येते. दवाखान्यात जाऊन एकदा रक्त बघून घे. आणि मुख्य म्हणजे झोप. बाकी ह्या बाटल्या बिटल्या दिसतात ना, हे सगळं मी पोटासाठी विकते."

"मग चमचे कशाला ठेवलेस?" आत्या म्हणाली.

"थोडी सूज उतरते. आणि तुम्हाला काहीतरी केल्यासारखं वाटतं."

तेव्हाच माझ्या लक्षात आलं, श्रुतिकाच्या उजव्या कानात कुडी नव्हती. डाव्या कानात होती. आणि उजवा कान लाल.

"कुडी कुठं गेली?"

"सैल झालीय म्हणून काढलीय म्हणती," आत्यानंच उत्तर दिलं. "ते सोड. तू सांग, तू हजार बायकांची तोंडं बघतीस. डोळ्याखाली काळं म्हणजे माणूस पितोय, खरं का?"

"कोण माणूस?"

"जावई, दुसरं कोण! बघायला आला तेव्हा ह्या अशा खाचा होत्या डोळ्याखाली. आण्णांना दिसल्या न्हाईत, मला दिसल्या. मी आज बाजारात चौकशी करणार हाय. कुणी नुसतं 'व्हय' म्हणालं तरी परवाचा साखरपुडा रद्द. आई तर अशी मिरवती, जणू राजपुत्र जन्माला घातलाय. आणि पोरगा बेवडा!"

पलंग आता चांगलाच हलला. आतून काकीचा श्वास भात्यासारखा ऐकू येत होता. मी खोकले, नळ सोडला, चमचे बदलले.

"तो पीत नाही आत्या," श्रुतिका म्हणाली.

"तुला काय म्हाईत? 'पाणी घ्या', 'नको', एवढ्यात कळलं तुला?"

श्रुतिकानं डोळ्यांवरचे चमचे नीट बसवले.

आणि तेव्हा आतून शिंक आली. काकडीचं पाणी नाकात गेलं असेल, नाहीतर पलंगाखालची धूळ. एक शिंक, तिच्या शेपटाला धरून दुसरी, मग जरा थांबून बारीक आवाजात "अय्योऽ", आणि मग तिसरी, सगळ्यात मोठी.

श्रुतिका डोळ्यांवर चमचे तसेच ठेवून, खुर्चीत सुखानं रेललेली, अगदी सहज म्हणाली, "परत? काल रात्री सांगितलं होतं ना काढा घे म्हणून?"

आतून सम्मेद तितक्याच सहज म्हणाला, "घेतला गं."

मी नळ बंद केला.

श्रुतिकाच्या तोंडावरून दोन्ही चमचे घरंगळले आणि फरशीवर खणखणत गेले. आत्या हळूहळू उठली. तिनं भाचीकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"छबू," ती म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला माझी पोरगी काढा कशाला देती?"

मला हसू आवरेना. मी भिंतीला धरून खाली बसले. पडदा फाटल्यासारखा बाजूला झाला आणि पलंगाखालून पद्माकाकी बाहेर आली. केसांत कुणाकुणाचे केस, पदराला मेणाची पट्टी चिकटलेली.

"बेवडा कुणाला म्हणतीस गं? माझ्या पोराला बेवडा?"

"तू? पलंगाखाली? लाज न्हाय का?"

"तुला हाय? आजारी पोरगी रंगवून खपवायला निघालीस ती!"

"आजारी? तुझ्या पोराचे डोळे बघ आधी!"

"तुझ्या पोरीचे बघ!"

सम्मेद उठून बसला होता. एक काकडी खाली पडली होती, दुसरी अजून डाव्या डोळ्यावर. श्रुतिका त्याच्याकडं बघून हसत होती, आणि तो एका डोळ्यानं तिच्याकडं बघून हसत होता. भांडणाऱ्या दोघींना दिसत नव्हतं, मला दिसलं. ह्याचा डावा कान, तिचा उजवा. रोज रात्री फोन दाबून धरलेले.

"अगं बायांनो," मी ओरडले, "गप्प बसा! हा पीत नाही आणि ती आजारी नाही. ही दोघं झोपत नाहीत. रात्रभर फोनवर असतात!"

दोघी थांबल्या.

"फोन?" आत्या म्हणाली. "तिचा फोन आण्णांनी काढून घेतलाय. माझ्या उशाखाली असतोय."

"तोच," श्रुतिका म्हणाली. "तुम्ही घोरायला लागलात की काढते. दूधवाला आला की परत ठेवते."

"माझ्या डोक्याखालनं?"

"तुम्ही कूससुद्धा बदलत नाही, आत्या."

काकी पोराकडं वळली. तिचा आवाज एकदम ओला झाला. "म्हंजे तू पीत न्हाईस?"

"नाही गं आई. आवाज बसायचा बोलून बोलून, म्हणून वेलदोडा खायचो."

काकीनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग त्याला जवळ घेतलं, मग अजून एक धपाटा घातला.

आत्या मात्र उभीच होती. "आण्णांना कळलं तर लग्न मोडलं," ती म्हणाली. "आणि आधी मी घराबाहेर. राखण मला दिली होती."

"मोडायचं असेल तर मोडा," श्रुतिका म्हणाली. आता ती हसत नव्हती. "पण कारण खरं सांगायचं. तो पितो म्हणून नाही, मी आजारी म्हणून नाही. बोललो म्हणून मोडलं, असं सांगा. ज्याच्याबरोबर जन्म काढायचा, त्याच्याशी बोललो. सांगा गावाला."

मला त्या पोरीचे पाय धरावेसे वाटले. मला लग्नाआधी कुणी बोलू दिलं असतं, तर पहिल्या अर्ध्या तासात त्या माणसाचा वास आला असता.

तोवर शटरवर टकटक झाली. "छबूताई?" शिवाप्पा टेलरचा आवाज. "काय भांडण चाललंय? आत गडीमाणूस हाय वाटतं?" त्याच्यामागं चहाच्या गाड्यावरची चार माणसं जमल्याची कुजबुज.

चौघांनीही माझ्याकडं बघितलं. सम्मेद बाहेर दिसला, तर संध्याकाळच्या आत आण्णांच्या कानावर. मागचं दार आता शिवाप्पाच्या पोरांच्या क्रिकेटमध्ये उघडत होतं.

कुसुमआत्यानं माझा हात धरला. त्या बाईचं डोकं असं चालतं, म्हणून तर ती घर चालवते. ती हळू आवाजात म्हणाली, "छबू, तुझा नवरा आलाय नव्हं? मग घाल की बाहेर."

क्षणभर मला कळेना. मग कळलं.

मी दुसरा टॉवेल सम्मेदच्या तोंडावरून घेतला, हनुवटीखाली गाठ मारली. त्यानं पायात पायताण अडकवलं, मी कोपऱ्यातला केस झाडायचा झाडू उचलला. आत्यानं शटर सर्रकन वर ढकललं आणि मी त्याला मागून असा रेटा दिला की तो रस्त्यावरच जाऊन उभा राहिला.

"नीघ!" मी ओरडले. "कशाला आलास परत? कोण बसलंय हितं तुझी वाट बघत?"

पहिला झाडू मी जरा जपूनच मारला. दुसरा मारताना मला तो सम्मेद वाटलाच नाही.

"गोव्याला गेलास तेव्हा एक चिठ्ठी टाकलीस? मी भाड्याच्या घरात एकटी तापानं फणफणले, कुणाला फोन करू, तुझ्या नंबरवर ती बया उचलते! बायकांच्या टाचा घासून पोट भरलं मी! आणि गाव मला टाकलेली म्हणतं! तू काय टाकणार मला, मुडद्या? तू काय टाकणार?"

"ताई, हळू," टॉवेलमधून बारीक आवाज आला. "मी सम्मेद."

"चालायला लाग!" मी अजून एक ठेवून दिला.

तो पळत सुटला. गुलाबी टॉवेल, लांब टांगा, पायात ते होडीएवढं पायताण फटाक फटाक वाजतंय. मी त्याच्यामागं बँकेच्या कोपऱ्यापर्यंत. माझ्यामागं कुसुमआत्या ओरडत, "परत पाऊल टाकलंस तर बघ!" तिच्यामागं पद्माकाकी, स्वतःच्या पोराला शिव्या घालत, आणि शपथेवर सांगते, ती मनापासून घालत होती. कोपऱ्यावर काकडीची एक चकती रस्त्यावर पडली. चहावाल्यानं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टी मारली. मी झाडू खांद्यावर टाकून परत आले, घामानं निथळत, आणि मला कळेना मी हसतेय की काय करतेय. दारात श्रुतिका ओढणीत तोंड खुपसून हसून हसून वाकली होती. मला बघून तिनं मला घट्ट मिठी मारली.

शिवाप्पा त्याच्या पायरीवर उभा होता. त्याची मान सरळ होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याची मान सरळ दिसली.

"बरं केलंत ताई," तो म्हणाला आणि मशीनवर जाऊन बसला.

साखरपुडा झाला. दोघांच्या डोळ्याखाली मी आळीपाळीनं रंग थापला, कारण आदल्या रात्रीही ती दोघं बोललीच होती. आत्यानं म्हणे त्या रात्री फोन उशाखाली न ठेवता उशीवर ठेवला आणि दिवा घालवायच्या आधीच घोरायला लागली. सम्मेद वाकून नमस्कार करायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "पाठीवर अजून वळ आहेत." मी म्हटलं, "काकडी लाव."

आणि गावात कुसुमआत्यानं ती गोष्ट अशी पसरवली की अजून माझ्या पार्लरमध्ये येणाऱ्या नव्या पोरी विचारतात, नवऱ्याला झाडूनं हाकललं ती छबूताई तुम्हीच का. खरा नवरा कधी आलाच नाही. यायची गरजही उरली नाही. त्याला मी हाकललं, हे सगळ्या गावानं डोळ्यांनी बघितलं आहे.

त्या सोमवारी मी तोंडावरचा सगळा रंग धुतला, नवं काही लावलं नाही, आणि अंधार पडता पडताच अंथरुणावर पडले. दुसऱ्या दिवशी दूधवाला दार बडवून बडवून दमला. शेवटी माझं दूध शिवाप्पाच्या घरी देऊन गेला.